रोजच्या चार-पाच गोळ्या चालू असताना दुखण्याची गोळी: आधी काय तपासायचं, कुठल्या क्रमाने

"फाट दुखता, बरी गुळी दी." (पाठ दुखतेय, चांगली गोळी द्या.) गोव्यात फोंडा असो, डिचोली असो की म्हापसा, फार्मसीच्या काउंटरवर हे वाक्य दिवसभर चालू असतं, समोरून एक पट्टी येते, पैसे दिले, घरी गेलो, विषय संपला. बीपीची गोळी चालू आहे, शुगरची आहे, अँजिओप्लास्टीनंतरची रक्त पातळ करायची आहे हे आपण सांगत नाही, आणि मागे पाच माणसं उभी असताना समोरचाही विचारत नाही. गोळी आधी आणि प्रश्न नंतर असा हा उलटा क्रम आहे आणि बहुतेक गडबडी तिथेच होतात.

ज्यांना रोज तीन किंवा जास्त औषधं चालू आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि त्याहून जास्त त्यांच्या मुलासुनांसाठी, कारण घरातला औषधांचा डबा शेवटी तेच भरतात.

थांबा, गोळी शोधूच नका: छातीत दुखतंय, अचानक कधी नव्हे इतकं डोकं ठणकतंय, एका बाजूचा हात-पाय लुळा पडलाय, तापासोबत मान ताठ झालीय, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असताना पडून डोक्याला मार लागलाय, तर थेट १०८.

आणि हे उलटं करू नका: दुखण्याची गोळी घ्यायचीय म्हणून इकोस्प्रिन (हृदयासाठी रोज घ्यायची ॲस्पिरिनची छोटी गोळी) किंवा बीपीची गोळी "दोन दिवस बंद ठेवतो" असं स्वतःच्या मनाने करायचं नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाने इकोस्प्रिन-क्लोपिडोग्रेल मध्येच सोडलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. जागा करून द्यायचीच असेल तर ती दुखण्याच्या गोळीने द्यायची, रोजच्या गोळीने नाही.

## १. घरातली सगळी औषधं एका टेबलावर काढा

सगळी म्हणजे खरंच सगळी. फक्त सकाळ-संध्याकाळचा डबा नाही. फ्रीजमधलं इन्सुलिन, देवघराशेजारच्या फडताळातल्या अर्धवट पट्ट्या, पर्समधली डोकेदुखीची गोळी, सर्दीच्या गोळ्या, लावायचे जेल आणि बाम, हळदीच्या कॅप्सूल, वैद्यांचं चूर्ण, सगळं.

आपल्याकडे यात एक खास भर असते ती म्हणजे बाहेरून आलेली औषधं. कोणी गल्फमध्ये, कोणी जहाजावर, कोणी लिस्बनला नाहीतर लंडनला, आणि सुट्टीवर येताना चॉकलेटसोबत गोळ्यांची बाटली आणतात, "तिथली गोळी स्ट्राँग असते" म्हणून ती जपून ठेवली जाते. तर पॅनाडोल म्हणजे पॅरासिटामॉल. पोर्तुगालहून येणारी बेन-यू-रॉन म्हणजे सुद्धा पॅरासिटामॉल. अमेरिकेतली टायलेनॉल, तिच्यावर ॲसिटामिनोफेन लिहिलेलं असतं, ती पण तीच. ॲडव्हिल म्हणजे आयबुप्रोफेन आणि अलीव्ह म्हणजे नॅप्रोक्सेन. पॅनाडोल आणि डोलो एकत्र घेणाऱ्याला वाटतं आपण दोन वेगळी औषधं घेतली, प्रत्यक्षात एकच औषध डबल घेतलेलं असतं.

आता वही घ्या आणि प्रत्येक औषधासमोर पाच गोष्टी लिहा: कंपनीचं नाव, आतलं औषध, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कोणी दिलं. शेवटची गोष्ट फालतू वाटेल पण नाही. एकच माणूस बीपी-शुगरला गावच्या आरोग्य केंद्रात जातो, हृदयासाठी बांबोळीला मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत, आणि गुडघ्यासाठी बाजारातल्या खाजगी डॉक्टरकडे, तिघांकडे तीन वेगळे कागद, आणि तिन्ही कागद एकत्र पाहिलेला माणूस घरात सोडून कुठेच नाही.

सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या किंवा जनऔषधीच्या पट्टीवर औषधाचं मूळ नाव मोठं असतं आणि खाजगीवाल्याने दिलेल्यावर कंपनीचं. डायक्लोफिनॅक केंद्रातून आलेली आणि व्होव्हेरान बाहेरून घेतलेली, दोन्ही चालू, कारण रंग वेगळा, नाव वेगळं. असं होतं, नेहमी होतं.

पुड्यांबद्दल: गुडघेदुखीवर नाव-गाव नसलेल्या पुड्या किंवा काळ्या गोळ्या कोणी देत असेल आणि दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखं बरं वाटलं, तर खूश होण्याआधी शंका घ्या. अशा मालात स्टेरॉइड किंवा दुखण्याचीच गोळी कुटून घातल्याचे प्रकार सापडलेले आहेत. लेबल नाही तर घ्यायचं नाही.

तपासा: वहीत एकच औषध दोनदा आलंय का? आलं असेल तर पुढे जाऊ नका, आधी तेच सोडवा.

## २. पट्टीच्या मागचं बारीक वाचा

अक्षरं दिसत नसतील तर मोबाईलने फोटो काढून मोठं करा. ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की औषधाचं मूळ नाव आणि एक्स्पायरी वाचता येते.

वाचताना तीन गट शोधायचे.

पहिला पॅरासिटामॉल. क्रोसिन, कॅल्पोल, डोलो.

दुसरा सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा, डॉक्टर लोक यांना एनसेड म्हणतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, नाइमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक, इटोरिकॉक्सिब, आणि दुखण्यासाठी मोठ्या डोसमध्ये घेतलेली ॲस्पिरिन. यातल्या कुठल्याही दोन एकत्र नाहीत. एकीने फरक पडला नाही म्हणून दुसरी नाही, दुखणं तेवढंच राहतं आणि पोटाला-किडनीला त्रास वाढतो.

तिसरा ट्रामाडॉल आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे अफूच्या जातीची दुखण्याची औषधं, यांच्यावर खाली.

खरा घोटाळा मिक्स गोळ्यांचा. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. झेरोडॉल-पी मध्ये ॲसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. अल्ट्रासेटमध्ये ट्रामाडॉल ३७.५ आणि परत पॅरासिटामॉल ३२५. सर्दी-तापाच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, वर बीपी वाढवू शकणारी फिनाइलेफ्रिन आणि झोप आणणारं काहीतरी.

आता बेरीज करा. अंगात कणकण म्हणून डोलो ६५० तीनदा, म्हणजे १९५०. कंबरेसाठी झेरोडॉल-पी दोनदा, ६५०. नाक वाहतंय म्हणून पॅरासिटामॉल ५०० असलेली सर्दीची गोळी तीनदा, १५००. झाले ४१०० मिलिग्रॅम. तब्येत धडधाकट असलेल्या मोठ्या माणसासाठी सुद्धा दिवसाची वरची हद्द ४००० आहे. म्हातारं माणूस, वजन ५० किलोच्या आत, लिव्हरचा त्रास, रोजची दारू यातलं काही असेल तर डॉक्टर हद्द बरीच खाली आणतात, बऱ्याचदा ३००० किंवा २००० वर. आणि वरच्या हिशोबात एकही गोळी "जास्त" घेतलेली वाटत नाही, तीच तर अडचण.

जास्त घेतली गेली असं लक्षात आलं तर: "बरं वाटतंय, बघू उद्या" नाही. पॅरासिटामॉल जास्त झाली तरी पहिला दिवस बऱ्याचदा काहीच जाणवत नाही आणि लिव्हर आतून बिघडत असतं. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध आहे, ते पहिल्या ८ तासांत मिळालं तर सगळ्यात चांगलं काम करतं. पट्ट्या सोबत घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा.

## ३. आता रोजच्या गोळ्यांशी जुळवा

इथे जरा वेळ काढा, घाईत वाचू नका.

बीपीची गोळी आणि लघवी जास्त करणारी गोळी. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालॅप्रिल या गोळ्या किडनीच्या आतल्या रक्तवाहिन्यांवर काम करतात. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, लॅसिक्स, टॉर्सेमाइड शरीरातलं पाणी कमी करतात. किडनीकडे येणारं रक्त अशा वेळी नीट राहावं म्हणून शरीर स्वतः काही पदार्थ बनवतं आणि एनसेड नेमके तेच बंद करतात. तिन्ही एकत्र आले की किडनी अचानक बसू शकते, विशेषतः म्हाताऱ्या माणसाची. आणि पहिल्या दोन गोष्टी एकाच गोळीत असू शकतात हे लोकांना माहीत नसतं, टेल्मा-एच मधला एच म्हणजे तीच पाणी काढणारी गोळी. म्हणजे "मी बीपीची एकच गोळी घेतो" म्हणणारे काका वरून दोन व्होव्हेरान घेतात तेव्हा तिन्ही झाले. मे महिन्यात घामाने पाणी गेलेलं, किंवा चवथीला दिवसभर चुलीसमोर उभं राहून पाणी प्यायचं राहून गेलेलं, जुलाब-उलट्या, उपास, हे सगळं त्यात भर घालतं. शिवाय एनसेडने बीपी वाढतं आणि पायावर सूज येते, हार्ट फेल्युअर असलेल्यांनी तर या वाटेला जायचंच नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. वॉरफरिन, ॲसिट्रॉम, रिवारोक्साबॅन, ॲपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल. यांच्यासोबत एनसेड म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायला निमंत्रण. वॉरफरिन-ॲसिट्रॉमवाल्यांनी अजून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॅरासिटामॉल एखाद-दुसरी चालते पण सलग काही दिवस पूर्ण डोसमध्ये घेतली तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) वाढू शकतो, म्हणून डॉक्टरला कळवून आयएनआर लवकर करून घ्यायचा. आणि गंधपुरा तेल म्हणजे विंटरग्रीन असलेले बाम रोज चोपडून लावले तर त्यानेही वाढू शकतो. बाम पण औषधच, वहीत लिहा.

इकोस्प्रिन. इकोस्प्रिन-एव्ही किंवा क्लोपिडोग्रेलसोबतच्या मिक्स गोळीत ॲस्पिरिन लपलेली असते. वरून डोकं दुखलं म्हणून डिस्प्रिन घेतली की ॲस्पिरिनवर ॲस्पिरिन झाली. आयबुप्रोफेनचा त्रास वेगळाच, ती नियमित घेतली तर इकोस्प्रिनचं हृदयासाठीचं कामच अडवू शकते.

डिप्रेशन-टेन्शनच्या गोळ्या. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन वगैरे. एनसेडसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रामाडॉलसोबत घाम, थरथर, बेचैनी, फिट येणं इथपर्यंत जाऊ शकतं. हड्डीच्या डॉक्टरला मानसिक आजाराची गोळी सांगायला लोक लाजतात. लाजू नका, हीच गोळी सांगणं जास्त गरजेचं आहे.

झोपेच्या किंवा नसांच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलॅम, प्रीगॅबॅलिन, गॅबापेंटिन. यांच्यावर ट्रामाडॉल घेतलं की गुंगी येते, श्वास मंद होतो, रात्री बाथरूमला उठताना माणूस पडतो. आजी पडली की पुढचं काय ते सगळ्यांना माहीत आहे.

लिथियम, मेथोट्रेक्सेट किंवा स्टेरॉइड चालू असेल तर दुकानातून एनसेड अजिबात नाही, डॉक्टरशी बोलूनच. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांनी मेफ्टाल-स्पास टाळावी, त्यातल्या डायसायक्लोमीनने लघवी अडकू शकते. दमेकऱ्यांपैकी काहींना ॲस्पिरिन-आयबुप्रोफेनने दम लागतो.

तपासा: वरच्यापैकी एक तरी गट तुमच्या वहीत आहे? मग एनसेड स्वतःहून घ्यायची नाही, इथेच ठरलं. आणि कुठलाच नसला तरी पुढची पायरी सोडू नका.

## ४. शेवटचा रिपोर्ट काढून बघा

क्रिएटिनिन आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारे आकडे. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर एनसेड नाहीच, ६० च्या खाली असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. रिपोर्ट वर्षाहून जुना असेल तर तो आजचा समजू नका, शुगर-बीपीवाल्यांचं एका वर्षात बरंच बदलतं. सोबत दोन प्रश्न: पूर्वी कधी अल्सर किंवा पोटात रक्तस्राव झालाय का, आणि दारू किती. हुर्राकच्या (काजूच्या दारूच्या) सीझनला "थोडीच" हे उत्तर कोणी धरत नाही, खरं किती ते लिहा.

## ५. निवड: खालून वर जायचं

अ) आधी बिनगोळीचं. शेक, बर्फ, पट्टा, फिजिओचे व्यायाम. आठवडाभर नारळ सोलून कंबर धरली असेल तर दोन दिवस नारळ बाजूला ठेवणं हा सुद्धा इलाज आहे.

ब) गुडघा, मनगट, घोटा अशा एका जागेचं दुखणं असेल तर डायक्लोफिनॅक जेल. गोळीच्या मानाने रक्तात फारच कमी जातं. पण दिवसातून पाच वेळा अर्ध्या अंगाला लावलं तर ते जेल राहत नाही, आणि त्यावर गरम पिशवी ठेवायची नाही. किडनी खराब असेल किंवा ॲसिट्रॉम चालू असेल तर जेलसाठी सुद्धा विचारा.

क) मग पॅरासिटामॉल, एकटी, मिक्स नाही. ५०० किंवा ६५० ची एक, पुढची किमान ६ तासांनी. लिव्हर ठीक असेल तर बहुतेक औषधांसोबत हीच सगळ्यात कमी भांडते.

ड) याने भागलं नाही तर दुकान नाही, डॉक्टर. वही घेऊन.

पावसातला ताप: जून ते ऑक्टोबर ताप आणि अंगदुखी एकत्र आली तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, डिस्प्रिन काही नाही, डेंग्यूत प्लेटलेट्स पडतात आणि या गोळ्या रक्तस्राव वाढवतात. शेतात-पाण्यात काम असेल तर लेप्टोचीही (उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका घ्यायची, त्यात किडनीवर आधीच ताण असतो. इकोस्प्रिन चालू असलेल्यांनी ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरला विचारायचं, ती चालू ठेवायची की थांबवायची ते डॉक्टर ठरवतील.

काउंटरवर काय बोलायचं ते पाठच करून ठेवा: "मला टेल्मा-एच आणि इकोस्प्रिन चालू आहे, क्रिएटिनिन एवढं आहे, फक्त साधी पॅरासिटामॉल द्या, मिक्स नको." फार्मासिस्ट लोकांना औषधं कळतात हो, आपण माहिती दिली तर ते स्वतः अडवतात. आणि पट्टीवर लाल उभी रेघ दिसली तर ती चिठ्ठीशिवाय घ्यायची गोळी नाही, गेल्या वर्षीची चिठ्ठी दाखवून तर नाहीच.

## ६. डॉक्टरने एनसेड दिलीच तर

कधीकधी लागते, संधिवात भडकला, दात काढला. तेव्हा सगळ्यात कमी डोस, सगळ्यात कमी दिवस. "पाच दिवस" लिहिलं असेल तर सहाव्या दिवशी पट्टीत गोळ्या उरल्या म्हणून घ्यायच्या नाहीत. दात काढल्यावर मिळणारी केटोरॉल (म्हणजे केटोरोलॅक) पाच दिवसांच्या वर जाता कामा नये आणि ती ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत चालत नाही, म्हणून डेंटिस्टला वही आधी दाखवायची, खुर्चीत बसण्याआधी.

उपाशीपोटी नाही. सकाळची पेज झाल्यावर किंवा जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत. घेतलेली वेळ फ्रीजवर कागद चिकटवून लिहा, कारण घरात एक गोळी सून देते, दुसरी मुलगा देतो आणि तिसरी आई स्वतःच घेते.

इथे दोन समजुती फार पसरलेल्या आहेत. एक, "सोबत पॅन-४० घेतो, म्हणजे सेफ." पॅन्टोप्राझोल पोटाला वाचवते, तेही जेवणाआधी अर्धा तास घेतली तर. किडनी, बीपी, हृदय यांना तिचा काही उपयोग नाही. दुसरी, "सुई मारून घेतो, पोटातून जातच नाही." डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन रक्तातूनच काम करतं आणि पोटाचं अस्तर, किडनी दोन्हीकडे तेच रक्त जातं. सुई घेऊन घरी येऊन परत गोळी घेणारेही आहेत, तो सरळ सरळ डबल डोस.

जुलाब, उलट्या, ताप येऊन खाणं-पिणं बंद झालं तर एनसेड त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरला फोन, बीपीच्या आणि लघवीच्या गोळीचं काय करायचं तेही त्याच फोनवर विचारा.

## ७. पहिले दोन आठवडे लक्ष ठेवा

बीपी घरी मोजा, आठवड्यातून दोन-तीनदा. वजन अचानक वाढलं किंवा संध्याकाळी पायात चप्पल रुतायला लागली तर पाणी साठतंय. लघवी कमी झाली तर लगेच कळवा. गोळी लांबणार असेल तर क्रिएटिनिन परत कधी करायचं ते डॉक्टरकडून तारीख घेऊनच उठा.

हे दिसलं तर गोळी बंद आणि हॉस्पिटल: डांबरासारखी काळी शी, कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी, डोळे पिवळे, दम लागणं, चेहऱ्यावर सूज, बोलण्यात गोंधळ. लोहाची गोळी चालू असेल तरी शी काळी होते हे खरं, पण ती चिकट, डांबरासारखी आणि घाण वासाची असेल तर "लोहामुळे असेल" म्हणून घरी बसायचं नाही.

अंगावर पुरळ आणि सोबत ताप, गाठी आल्या तर गोळी घेऊन काही आठवडे झाले असले तरी ती गोळी डॉक्टरला सांगा. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ मध्ये नेमका अशाच रिॲक्शनचा इशारा दिला होता, आणि ही रिॲक्शन उशिराच दिसते त्यामुळे कोणी गोळीशी जोडत नाही. औषधाचा त्रास झाला तर सरकारची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४, तिथे रुग्ण स्वतः कळवू शकतो.

वहीच्या पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये असू द्या, आणि औषध बदललं की जुना फोटो डिलीट करून नवीन टाका, नाहीतर कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता डॉक्टरला सहा महिन्यांपूर्वीची यादी दाखवली जाते.